पडद्यावरचा आगमनकाळ : न्यू जर्सीतील एका लहान एपिस्कोपल मंडळीच्या ऑनलाइन उपासना

२०२० च्या आगमनकाळात, म्हणजे ख्रिस्तजन्माची वाट पाहण्याच्या नाताळपूर्वीच्या आठवड्यांत, २९ नोव्हेंबरपासून नाताळच्या आदल्या संध्याकाळपर्यंत, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या एका लहान एपिस्कोपल मंडळीने झूमवर चालवलेल्या उपासनांना आमचे कुटुंब वास्कोहून नियमितपणे हजर राहिले. माझी नणंद त्या मंडळीची सभासद आहे आणि दुवा तिनेच पाठवला होता. त्या वर्षात गोव्यातील अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी निरनिराळ्या चर्चची प्रक्षेपणे पाहिली. त्या सगळ्यांत या मंडळीचे काम मला इतके वेगळे आणि इतके मनापासून केलेले वाटले की, त्याविषयी सविस्तर लिहिणे हे मी माझे कर्तव्य समजते.

एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या परंपरेची अमेरिकेतील शाखा आहे. इंग्लंडमध्ये बिशपपदाची दीक्षा घेताना राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील पाळकांना ते शक्य नव्हते; म्हणून सॅम्युएल सीबरी यांनी १७८४ मध्ये स्कॉटलंडच्या बिशपांकडून बिशपपदाची दीक्षा घेतली, आणि १७८९ मध्ये त्या चर्चने स्वतःचे प्रार्थनापुस्तक तयार केले. आज वापरात असलेले पुस्तक १९७९ चे आहे. आपल्याकडे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या एकीकरणातून झालेल्या चर्चमध्ये, वाढलेल्या माणसाला त्यातला क्रम परका वाटत नाही : पापांगीकार, शास्त्रपाठ, उपदेश, मतांगीकार (श्रद्धेचे एकत्र केलेले कथन), मध्यस्थीच्या (इतरांसाठीच्या) प्रार्थना, आशीर्वाद. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी झाली आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. पन्नास वर्षांनी, २०२० साली, तीच तारीख पुन्हा त्याच रविवारी आली. सुवर्णमहोत्सवाच्या त्या दिवशी एकत्र जमून उपकारस्तुती करण्याची आमची फार इच्छा होती. परंतु जूनच्या आरंभी कोविडमुळे येथील मांगोर हिल ही वस्ती प्रतिबंधित क्षेत्र झाली तेव्हापासून वास्कोतल्या आमच्या मोजक्या मराठी प्रोटेस्टंट कुटुंबांच्या घरोघरच्या प्रार्थनासभा थांबल्या होत्या, आणि ज्या जुन्या गोव्यात नोव्हेंबरच्या अखेरीस सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, फेस्तासाठी लाखो पावले वळतात तेथेही त्या वर्षी नोव्हेना, म्हणजे फेस्ताआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, घरी बसून पाहावी लागली.

या मंडळीच्या उपासनेत आम्हाला प्रेक्षक म्हणून बसू दिले नाही, ही तिची सर्वांत मोठी गुणवत्ता. दर आठवड्याच्या मध्यावर येणाऱ्या ईमेलमध्ये उपासनेची छापता येण्याजोगी पुस्तिका असे आणि तिच्यात कामांची वाटणी असे : पहिला शास्त्रपाठ कोण वाचणार, स्तोत्र कोणाकडे, मध्यस्थीच्या प्रार्थना कोण चालवणार, आगमनचक्रावरची (दर रविवारी एक-एक मेणबत्ती लावायच्या फांद्यांच्या कड्यावरची) मेणबत्ती कोणत्या घरी पेटणार, ज्यांच्याकडे संगणक नाही अशा वृद्ध सभासदांना फोन लावून त्यांना साध्या दूरध्वनीवरून उपासनेत कोण जोडून घेणार. ही कामे ठरावीक चार लोकांकडे फिरत नव्हती. आठ वर्षांच्या मुलाने यशयाच्या चौसष्टाव्या अध्यायातील, देवाने आकाश फाडून खाली यावे अशी आळवणी अडखळत वाचली, आणि त्याचे अडखळणे संपेपर्यंत सगळी मंडळी शांतपणे थांबली. उपासनेपूर्वीची पंधरा मिनिटे ध्वनी सर्वांसाठी खुला असे. त्या वेळी रेक्टरबाई, म्हणजे तेथील पाळक, प्रत्येकाला नावाने हाक मारत आणि नवख्या माणसाला तो कोठून आला आहे हे विचारत. आम्ही गोव्याचे आहोत हे कळल्यावर दुसऱ्या रविवारपासून गोव्यातील रुग्णालये आणि येथील आजारी यांची नावे त्यांच्या प्रार्थनेत न सांगता येऊ लागली.

आगमनचक्रासाठी मंडळीच्या स्वयंसेवकांनी स्थानिक घरांच्या दाराशी पाकिटे नेऊन ठेवली होती. आम्हाला त्याचे चित्र आणि मापे पाठवली. तेथे आगमनकाळाचा रंग निळा असतो. इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या जुन्या परंपरेशी तो रंग जोडला जातो आणि अनेक एपिस्कोपल चर्च तो वापरतात, तर आपल्या आजूबाजूच्या कॅथलिक चर्चमध्ये जांभळा व तिसऱ्या रविवारी गुलाबी असतो. वास्कोच्या बाजारात निळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत, म्हणून पांढऱ्यांना निळी फीत बांधून आम्ही काम भागवले आणि फांद्यांऐवजी अंगणातली आंब्याची पाने लावली. पडद्यावर ते चक्र दिसताच कितीतरी लोकांनी त्याची चौकशी केली.

तिसऱ्या रविवारचे स्तोत्र आमच्याकडे आले. घरी बोलली जाणारी भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत वाचावे, इंग्रजी पाठ आम्ही पडद्यावर दाखवू, असे मंडळीने आग्रहाने कळवले होते. माझ्या सासूबाईंना इंग्रजी येत नाही. मुलीला आणि नातवंडांना त्यांनी दीड वर्षात प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते आणि विमाने बंद असल्यामुळे केव्हा पाहता येईल हेही ठाऊक नव्हते. त्यांनी आपले जुने मराठी शास्त्र उघडून एकशे सव्विसावे स्तोत्र वाचले, अश्रू ढाळत पेरणारे हर्षाने कापणी करतील असे सांगणारे. मिरजेच्या चर्चमध्ये त्या ज्या संथ, किंचित सुरात वाचतात त्याच पद्धतीने त्यांनी वाचले. वाचन संपल्यावर नातू तिकडून मोठ्याने म्हणाला, "आजी, मला सगळं समजलं." सासूबाईंनी चष्मा काढून ठेवला. एखाद्या संस्थेने परक्या माणसाला सामावून घ्यायचे म्हणजे काय करायचे, हे मला त्या संध्याकाळी स्पष्ट दिसले : त्याचे स्वागत करून थांबायचे नाही, त्याच्या हाती उपासनेचा एक भाग द्यायचा.

प्रभुभोजनाविषयी या मंडळीने घेतलेली भूमिका काही वाचकांना कठोर वाटेल, मला ती प्रामाणिक वाटली. आपापल्या घरी भाकर व द्राक्षारस ठेवावा आणि पाळकाने पडद्यापलीकडून त्यावर आशीर्वाद मागावा, अशी पद्धत महामारीत अनेक पंथांनी स्वीकारली. एपिस्कोपल चर्चने ती स्वीकारली नाही. लुईझियाना राज्याच्या पश्चिम भागातील बिशपांनी एप्रिल २०२० मध्ये तशी परवानगी दिली होती, परंतु चर्चचे तेव्हाचे प्रमुख बिशप मायकल करी यांच्याशी बोलणे झाल्यावर त्याच महिन्यात ती मागे घेतली. प्रभुभोजनाला मंडळीने शरीराने एकत्र येणे आवश्यक आहे, ही त्यामागची समजूत. त्यामुळे आमच्या या मंडळीत रविवारी सकाळची प्रार्थना होत असे आणि प्रभुभोजनाची उणीव कशानेही भरून काढली जात नसे. रेक्टरबाईंनी पहिल्या उपदेशात सांगितले की आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे आणि यंदा आपण भाकरीचीही वाट पाहत आहोत. मार्काच्या तेराव्या अध्यायातील घरधन्याच्या दाखल्यावर त्या बोलत होत्या : तो संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, हे नोकरांना ठाऊक नाही. तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि आमच्याकडे रात्रीचे साडेआठ.

गायनाची बाजू मात्र मध्यम होती. झूमवर आवाज प्रत्येकापर्यंत वेगवेगळ्या विलंबाने पोहोचत असल्यामुळे एकत्र गाणे अशक्य असते. एकट्या गायकाचा आवाज चालू ठेवून बाकीच्यांना घरच्या घरी, ध्वनी बंद ठेवून गावे लागते. प्रत्यक्ष जमून गाण्याचा धोका तर सर्वांना कळून चुकला होता : वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट व्हॅली येथे १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण जमले, त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघांचा मृत्यू झाला. म्हणून या मंडळीच्या गायकवृंदातील प्रत्येकाने कानाला हेडफोन लावून घरी एकेकट्याने ध्वनिमुद्रण केले आणि एका सभासदाने ते सगळे जुळवले. चौथ्या रविवारी मरियेचे स्तोत्र अशा रीतीने सादर झाले तेव्हा खालचे सूर नीट ऐकू येत नव्हते, परंतु एवढ्या कष्टाने जुळवलेले गाणे ऐकताना ते खटकले नाही.

रविवारच्या उपासनेइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, मला आठवड्यातील रात्रीची प्रार्थना आवडली. इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात ही स्वतंत्र उपासना नाही, त्यामुळे आपल्या जुन्या मंडळ्यांत ती फारशी परिचित नाही. अमेरिकेच्या १९७९ च्या पुस्तकात ती आहे. जेमतेम पंधरा मिनिटांची, उपदेशाविना, एका स्तोत्राची आणि थोड्या प्रार्थनांची. तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असत, आमच्याकडे सकाळचे साडेसहा. खाली पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजत असताना आम्ही दुसऱ्यांच्या रात्रीसाठी प्रार्थना करत असू. तिच्यात एक विनंती अशी आहे की, जे या रात्री काम करतात, जे जागे आहेत, जे रडत आहेत, त्यांच्याबरोबर प्रभूने जागे राहावे. मंडळीतल्या दोन परिचारिका ही प्रार्थना पुष्कळदा रुग्णालयाच्या वाहनतळावरून, पाळी सुरू होण्यापूर्वी, गाडीत बसून म्हणत. १४ डिसेंबरला अमेरिकेत लसीकरणाला आरंभ झाला. त्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकीने उपकारस्तुती केली आणि तिचे वाक्य पूर्ण होऊ शकले नाही.

उपासनेबाहेरचे कामही थांबलेले नव्हते. चर्चची इमारत बंद असली तरी तळघरातील धान्यवाटप सुरू होते, फक्त लोकांनी आत न येता गाडीच्या मागच्या भागात पिशव्या ठेवून घ्यायच्या अशी व्यवस्था केली होती.

अमेरिकेच्या राजधानीतील नॅशनल कॅथेड्रलची प्रक्षेपणेही आम्ही याच काळात पाहिली. १९०७ ते १९९० इतकी वर्षे बांधकाम चाललेली ती इमारत, तेथील ऑर्गन आणि चित्रणाची गुणवत्ता यांना तोड नाही. डिसेंबरमध्ये अमेरिकेतील कोविड मृतांचा आकडा तीन लाखांवर गेला तेव्हा तेथील शोकघंटा ३०० वेळा वाजवली गेली, हे ऐकून मन हेलावते. ज्यांना उत्तम संगीत आणि भव्य उपासना हवी त्यांनी ती अवश्य पाहावी. परंतु मी अनुपस्थित राहिले तर तेथे कोणाला कळणार नाही. लहान मंडळीत आम्ही एका रात्री आलो नाही, तर सकाळी संदेश आला होता की तुमच्याकडे सगळे ठीक आहे ना.

दोष सांगितलेच पाहिजेत. उपदेशाच्या वेळी पडद्यावर अक्षरे येत नसत आणि रेक्टरबाई भरभर बोलत, त्यामुळे इंग्रजी कमी जाणणाऱ्यांचे पुष्कळ सुटे. लेखी उपदेश दुसऱ्या दिवशी मिळे, तो आदल्या दिवशी मिळाला असता तर सासूबाईंसारख्यांना घरच्यांकडून आधी समजून घेता आला असता. लहान मुलांचा वर्ग आमच्या वेळेनुसार रात्री साडेनऊनंतर सुरू होई, म्हणून आमच्या मुलांना त्याचा लाभ झाला नाही. उपासनेनंतरच्या कॉफीच्या गप्पांत लोकांना चार-चारच्या (झूमवरच्या वेगळ्या) खोल्यांत विभागत. बुजऱ्या स्वभावाच्या माणसाला ते अवघड जाते, आणि माझे यजमान तर त्याआधीच बाहेर पडत. परवलीचा शब्द आणि प्रवेशापूर्वीची प्रतीक्षा हे सुरक्षेसाठी योग्यच आहे, पण एकदा आम्ही पापांगीकार संपेपर्यंत बाहेरच राहिलो. या सेवेला शुल्क नव्हते, आणि वर्षाच्या अखेरीस देणगीची वचने मागण्याचा काळ असूनही आमच्याकडे कोणी काही मागितले नाही.

गोव्यातल्या मराठी कुटुंबांनी या नमुन्यातून काय घ्यावे, यावर आम्ही आपापसांत बोललो आहोत. भारी कॅमेरे नकोत. आठवड्याच्या मध्यावर पुस्तिका, प्रत्येक घराकडे एक काम, आणि स्मार्टफोन नसलेल्या ज्येष्ठांना साध्या फोनवरून जोडून घेणारा एक जबाबदार माणूस, इतक्याने आरंभ होऊ शकतो. जानेवारी २०२१ पासून गुरुवारी रात्रीची मराठी प्रार्थना अशीच सुरू करण्याचे आम्ही ठरवले. ज्यांना मूळ मंडळीच्याच उपासनेत यायचे होते त्यांच्यासाठी त्या वर्षीच्या वेळा अशा होत्या : ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ १७ फेब्रुवारी २०२१ ला राखेच्या बुधवारी सुरू होणार होता, रविवारची उपासना आपल्याकडे रात्री साडेआठलाच असणार होती, पण १४ मार्चपासून अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे जाणार होती, म्हणून त्या रविवारपासून साडेसातला बसायचे आणि रात्रीच्या प्रार्थनेसाठी पहाटे साडेपाचला उठायचे होते.