‘बॅटमॅन फॉरएव्हर’: एक गंभीर चेहरा आणि दोन भोंगे

‘बॅटमॅन फॉरएव्हर’मधला (1995) पहिला संवाद सँडविचबद्दल आहे. बटलर आल्फ्रेड अदबीनं विचारतो, सोबत सँडविच बांधून देऊ का? बॅटमॅन गाडीकडे जाता जाता सांगतो, वाटेत ड्राइव्ह-थ्रूला काहीतरी घेईन. पुढच्या दोन तासांत काय वाढून ठेवलंय त्याची ही कबुली, आणि तिच्यामागे एक हिशेबही आहे. तीन वर्षांपूर्वीच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मधला काळी लाळ गाळणारा खलनायक पेंग्विन पाहून अमेरिकेतल्या पालकांनी मॅकडोनाल्ड्सकडे तक्रारी केल्या होत्या, कारण मुलांच्या हॅपी मीलसोबत याच चित्रपटाची खेळणी मिळत होती. 1989च्या पहिल्या ‘बॅटमॅन’नं जगभरात 41 कोटी डॉलर मिळवले होते, दुसऱ्यानं सुमारे 27 कोटी. वॉर्नर ब्रदर्सला हलकाफुलका, खेळणी खपवणारा बॅटमॅन हवा होता. पहिल्या दोन्हींचा दिग्दर्शक टिम बर्टन निर्माता म्हणून नावापुरता राहिला आणि दिग्दर्शन जोएल शूमाकरकडे गेलं. तो ड्राइव्ह-थ्रूचा विनोद मग मॅकडोनाल्ड्सच्याच जाहिरातीत वाजला.

या चित्रपटावर बहुतेक वेळा होणारा आरोप म्हणजे तो थिल्लर आहे. आरोप खरा, पण नेम चुकलेला. बॅटमॅन हलका करता येतो. 1966 ते 1968 या काळात अॅडम वेस्टच्या मालिकेनं 120 भाग तेच केलं, आणि तिथली मेख साधी होती: आजूबाजूला कितीही भडक, कितीही हास्यास्पद घडो, वेस्टच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. कॅम्प म्हणतात त्या शैलीत जाणूनबुजून भडक, नाटकी, रंग थापलेलं असं सगळं चालतं, पण मधोमध एक माणूस असा लागतो ज्याला हे सगळं शंभर टक्के खरं वाटतं. तो हसला की मामला संपला. ‘फॉरएव्हर’कडे असा माणूस आहे. अडचण अशी की त्याच्यासमोर एकाऐवजी दोन भोंगे बसवलेत.

तो माणूस म्हणजे व्हॅल किल्मर. मुखवट्याच्या बॅटमॅनला अभिनयासाठी उरतं काय, तर ओठ, हनुवटी आणि आवाज. किल्मर तिन्ही जपून वापरतो. सुरुवातीच्या बँकेच्या प्रसंगात तो एका पहारेकऱ्याबरोबर तिजोरीच्या खोलीत अडकतो. आत उकळतं अॅसिड शिरतंय, अख्खी तिजोरी हेलिकॉप्टरच्या साखळीला लटकून हवेत. बॅटमॅन पहारेकऱ्याच्या कानातलं श्रवणयंत्र काढून घेतो, ते कुलपाला लावून आतले खटके ऐकतो आणि दार उघडतो. शुद्ध वेडेपणा, पण किल्मर तो नळ दुरुस्त करायला आल्यासारखा करतो, म्हणून प्रसंग रंगतो. निकोल किडमनची डॉ. चेस मेरिडियन ही मानसोपचारतज्ज्ञ केवळ गप्पा मारायच्या म्हणून पोलिसांचा बॅट-सिग्नल, म्हणजे बॅटमॅनला बोलावायचा दिवा, पेटवते, तेव्हा तो तिला कोरडेपणानं ऐकवतो की हे काही पेजर नाही. चित्रपटातले सगळ्यात चांगले विनोद असे आहेत: एक बाजू उतू चाललेली, दुसरी ढिम्म.

आता भोंगे, म्हणजे दोन खलनायक. पहिला कोडी घालणारा रिडलर, म्हणजे जिम कॅरी. 1994मध्ये एकापाठोपाठ एक हिट देऊन तो ऐन भरात होता, आणि इथं त्याला कुणी थांबवलेलंच नाही. तरी हे काम चालतं, कारण पात्राला कारण आहे. रिडलर होण्याआधी तो एडवर्ड निग्मा, वेन एंटरप्रायझेसमधला संशोधक. टीव्हीवर ठेवायची एक पेटी तो बनवतो. ती प्रेक्षकाला कार्यक्रमाच्या आत बसल्याचा भास देते आणि त्या बदल्यात त्याच्या मेंदूतल्या लहरी शोषून निग्माच्या डोक्यात ओतते. कंपनीचा मालक ब्रूस वेन (मुखवट्याआडचा बॅटमॅन) ही कल्पना नाकारतो आणि भक्ताचा वैरी होतो. घराघरातल्या पडद्याआडून लोकांच्या डोक्यातलं गोळा करणारा उद्योगपती 1995मध्ये कार्टून वाटला असेल. आज ती या चित्रपटातली सगळ्यात शहाणी कल्पना वाटते.

दुसरा खलनायक टू-फेस, त्याचं मात्र वाटोळं झालंय. टॉमी ली जोन्स नुकताच ऑस्कर घेऊन आलेला, अर्ध्या चेहऱ्याचा जांभळट मेकअप रिक बेकरसारख्या उस्तादाचा, अड्डाही बरोबर मधोमध दुभागलेला: एका बाजूला पांढऱ्यात ड्रू बॅरिमोर, दुसऱ्या बाजूला काळ्यात डेबी मझार. इतकं सगळं असून पात्र पहिल्या प्रवेशापासून खिदळतच येतं. टू-फेसचा आत्मा त्याच्या नाण्यात आहे. तो मुळात हार्वी डेंट नावाचा सरकारी वकील. नाणं पडेल तो निकाल, मग तो स्वतःच्या विरोधात का जाईना, हा त्याचा एकमेव कायदा. इथं वेनच्या हवेलीवरच्या हल्ल्यात मनासारखी बाजू पडेपर्यंत तो नाणं पुन्हा पुन्हा उडवतो. हा पात्राच्या मुळावरच घाव, आणि तोही एका फुटकळ हशासाठी. जोन्स कॅरीच्या तोडीस तोड ओरडायला जातो, तिथं दोघांची पातळी एकच होते. दोन तलवारी एका म्यानात कोंबल्यावर व्हायचं तेच होतं. जोन्सनं डेंट थंड, वकिली थाटात रंगवला असता तर कॅरीचा आरडाओरडा दुप्पट उठून दिसला असता.

कोड्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पटकथेतली सगळ्यात घट्ट वीण तिथं आहे. रिडलर ब्रूसला चार कोडी पाठवतो. पहिल्याचं उत्तर घड्याळ (ज्याच्या तोंडावर 13 हा आकडा सापडत नाही), दुसऱ्याचं काडेपेटीतली काडी (एक तोडा आणि डोकं घासा), तिसऱ्याचं बुद्धिबळातली प्यादी (आठ जण, पुढेच जाणारे), चौथ्याचं इंग्रजी स्वर (टेनिस कोर्ट या शब्दांशी खेळ करून सांगितलेले पाच जण). उत्तरं फसवी आहेत. खरा माल कोड्यांत दडलेल्या आकड्यांत आहे: 13, 1, 8, 5. इंग्रजी वर्णमालेत त्यांची अक्षरं होतात एम, ए, एच, ई. अर्थ लागत नाही. मग 1 आणि 8 जोडून 18 केले की ‘आर’ मिळतो: एम, आर, ई. म्हणजे मिस्टर ई, उच्चारला की ‘मिस्टरी’, तिचा समानार्थी शब्द ‘एनिग्मा’, आणि मिस्टर ई. निग्मा. बॅटमॅन आणि आल्फ्रेड हे मिनिटभरात सोडवतात, त्यामुळे पहिल्यांदा बघताना बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जातं. सगळा डोलारा इंग्रजी अक्षरांवर आणि उच्चारांवर उभा असल्यानं डबिंगमध्ये तो कोसळणारच. मूळ इंग्रजी आवाज आणि सबटायटल्स हाच पर्याय घ्यावा.

सर्कशीचा प्रसंग हा चित्रपटाचा कळस, आणि तो पूर्वार्धातच येऊन जातो. टू-फेस तिथं बाँब घेऊन येतो आणि बॅटमॅन कोण ते सांगा म्हणतो. ब्रूस वेन गर्दीत उभा राहून ओरडतो की मीच बॅटमॅन. कोलाहलात ते कुणालाच ऐकू जात नाही. आयुष्यभर जपलेलं गुपित माणूस चारचौघांत उधळून टाकतो आणि ते वाया जातं, यापेक्षा चांगली कल्पना 1989 ते 1997च्या चार बॅटमॅन चित्रपटांपैकी कुठल्याही चित्रपटात क्वचितच असेल. सर्कशीतला कसरतपटू डिक ग्रेसन, म्हणजे पुढचा रॉबिन, बाँब छतावरून पाण्यात ढकलून परत येतो तोवर त्याचे आईवडील आणि भाऊ खाली मरून पडलेले. इथं कुणी विनोद करत नाही, आणि म्हणूनच आजूबाजूचा भडकपणा खपतो. (डिक झालेला ख्रिस ओ’डॉनेल तेव्हा पंचविशीला टेकलेला, एवढ्या बाप्याला अब्जाधीशानं अनाथ मुलगा म्हणून घरी का ठेवावं, हा प्रश्न पटकथेनं सरळ गिळून टाकलाय. पण ओले कपडे कराटेचे हात करत वाळत घालण्याचा त्याचा प्रसंग मस्त जमलाय.)

उत्तरार्ध मात्र भुसभुशीत का लागतो, याचं उत्तर संकलनाच्या टेबलावर आहे. ब्रूसला आईवडिलांच्या खुनाच्या रात्रीचे तुकडे आठवतात, वडिलांची लाल डायरी दिसते, ती घेऊन धावणारा मुलगा गुहेत पडतो. ही उकल व्हायची होती: ब्रूस गुहेत परततो, डायरी पुढे वाचतो आणि त्याला कळतं की त्या रात्री बाहेर पडण्याचा दोष त्याच्यावर नाही. हे चित्रित झालं आणि कापलं गेलं. 2005च्या डीव्हीडीमध्ये वगळलेल्या दृश्यांत यातलं काही पाहायला मिळतं. अंतिम चित्रपटात सुरुवात उरली, शेवट गेला. म्हणून अखेरीस आपण ब्रूसही आहोत आणि बॅटमॅनही, आणि आता ही आपली निवड आहे, असं तो जाहीर करतो, तेव्हा ही निवड त्यानं केली कधी, असा प्रश्न पडतो. हलक्या चित्रपटालाही तळाशी वजन लागतं. ते काढलं की उरतो तो फक्त झगमगाट.

आणखी एक विसंगती. पूर्ण चित्रपटभर बॅटमॅन रॉबिनला सांगतो की सूडानं माणूस मारून काही हाती लागत नाही. शेवटी टू-फेस निर्णयासाठी नाणं उडवतो, बॅटमॅन तशीच मूठभर नाणी हवेत भिरकावतो, आपलं नाणं शोधताना टू-फेसचा तोल जातो आणि तो खाली पडून मरतो. युक्ती झकास, पण शिकवण पाण्यात. रॉबिन शेजारीच आहे आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

दिसण्याच्या बाबतीत हात सैल आहे. कलादिग्दर्शक बार्बरा लिंगच्या गॉथममध्ये, म्हणजे बॅटमॅनच्या शहरात, इमारतींएवढे पुतळे, फ्लोरोसंट रंग फासलेल्या टोळ्या, भिंतीवरून सरळ वर चढणारी बॅटमॅनची गाडी, बॅटमोबील. स्टीफन गोल्डब्लॅटच्या छायाचित्रणाला ऑस्कर नामांकन मिळालं, ध्वनीच्या दोन विभागांतही मिळाली, आणि ती योग्यच होती. हाणामाऱ्या फसतात त्याचं कारण पोशाख. फोम रबरच्या त्या सूटमध्ये मान वळत नाही. मागे बघायचं तर धडासकट वळावं लागतं. मुखवट्यापासून सुटी मान बॅटमॅनला थेट 2008मध्ये मिळाली. अशा जखडलेल्या माणसाची मारामारी दाखवायची तर जवळून, तिरक्या कॅमेऱ्यानं आणि भराभर तुकडे पाडत दाखवावी लागते, आणि मग कोण कुठं उभा आहे ते कळेनासं होतं. सूटवरच्या स्तनाग्रांवर तीस वर्षं चेष्टा चालू आहे. ग्रीक पुतळ्यांसारखं शरीर हवं, ही शूमाकरची हौस. शेवटच्या लढाईतल्या सोनार सूटवर ती नाहीत, हे चेष्टा करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

एलियट गोल्डेन्थॉलचं पार्श्वसंगीत ब्रासवर (तुतारीसारख्या पितळी वाद्यांवर) जोर देणारं, मस्तवाल, चित्रपटापेक्षा एक पायरी हुशार. सीलचं ‘किस फ्रॉम अ रोज’ आणि यू-टू या बँडचं गाणं ऐकायला थांबणार असाल तर श्रेयनामावली बंद करू नका. दोन्ही तिथंच आहेत. सीलच्या गाण्याला पुढे 1996मध्ये ग्रॅमीत रेकॉर्ड ऑफ द इयर मिळालं.

कुठली आवृत्ती घ्यावी? चित्रपट 121 मिनिटांचा आहे. 2019ची 4के डिस्क सगळ्यात चांगली, कारण निऑन हिरवा आणि जांभळा हे याचे प्राण आहेत आणि जुन्या डीव्हीडीत ते एकमेकांत उतरतात. टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर असेल तर आधी ‘सिनेमा’वर आणा, मुळातच भडक रंग आणखी चढवले की टू-फेसच्या चेहऱ्यावरचे बारकावे सपाट होतात. मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, तीही बंद करा, नाहीतर रबरी सूट जास्तच रबरी दिसतो. वगळलेली दृश्यं हवी असतील तर चित्रपट संपल्यावर लगेच बघा, आधी नको.

मुलांसोबत बघायचा तर अमेरिकेत याला पीजी-13 दर्जा आहे, म्हणजे तेराखालच्या मुलांबाबत पालकांनी विचार करावा. रक्त जवळपास नाही. अॅसिड, सर्कशीतले मृत्यू आणि डॉ. चेसचे द्व्यर्थी संवाद एवढं लक्षात असू द्या. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘रिटर्न्स’पेक्षा हा कितीतरी सोयीचा.

हा चित्रपट जगभरात 33 कोटी 60 लाख डॉलरच्या घरात गेला, पहिल्याच शुक्रवार ते रविवारचा अमेरिकेतला गल्ला 5 कोटी 28 लाखांचा, तेव्हाचा विक्रम. स्टुडिओनं त्यातून धडा काढला की भोंगे वाढवा. 1997च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’मध्ये जॉर्ज क्लूनीचा बॅटमॅनही मिश्कील हसतो. लागोपाठ दोन्ही बघणार असाल तर मध्ये एक दिवस जाऊ द्या, आणि दुसऱ्यात फक्त एवढंच शोधा की न हसणारा माणूस कोण आहे. आल्फ्रेड झालेला मायकेल गॉफ सोडला तर कुणी सापडत नाही.