सिलिकॉनचं वृषण-मॉडेल: गाठ उत्तम, बाकी अर्धवट

मी कॉलेजच्या मुलांना व्हॉलीबॉल शिकवतो. वृषणाचा कर्करोग साधारण १५ ते ३५ या वयात जास्त आढळतो आणि माझा अख्खा संघ त्याच वयातला. म्हणून गाठ कशी हाताला लागते हे शिकवायला हे मॉडेल मागवलं. पाचपैकी साडेतीन तारे.

वस्तू अशी आहे: मऊ सिलिकॉनची पिशवी, आत दोन वृषणं, त्यातल्या एकात दोन गाठी. एक बाजूला, सहज हाताला लागणारी; दुसरी खालच्या टोकाला, वाटाण्याहून लहान, शोधावी लागणारी. सोबत पावडरची डबी, बाथरूममध्ये टांगायचं प्लॅस्टिकचं कार्ड आणि माहितीपत्रक. आतली वृषणं बोटांतून सटकतात, हे छान जमलंय. दहा हातांतून फिरलं की चिकट होतं. साबणाने धुवून, वाळवून पावडर लावली की पूर्ववत. पेनाची शाई मात्र लागू देऊ नका, ती सिलिकॉनमध्ये मुरते. (आमच्या एका महाभागाने त्यावर संघाचं नाव लिहायला घेतलं होतं. असो.)

गाठीला पैकीच्या पैकी गुण. कडक म्हणजे किती कडक, हे चित्र दाखवून सांगता येत नाही, ते बोटालाच कळतं. निरोगी वृषण उकडून सोललेल्या अंड्यासारखं लागतं, गुळगुळीत आणि किंचित दबणारं. ही गाठ दबत नाही, बाजूला सरकतही नाही. आणि खरी गाठ बहुधा दुखत नाही, हे मुलांच्या गळी उतरवणं सगळ्यात कठीण. खेळाडूचा हिशेब सरळ असतो: दुखलं तर बर्फ, नाही दुखलं तर मैदानात. इथे न दुखणारी गाठ किंवा एक बाजू मोठी होणं हीच बहुतेकदा पहिली खूण. कधी नुसता जडपणा, कधी जांघेत किंवा ओटीपोटात मंद ठणका.

‘सर, बॉल लागून होतो का?’ हा प्रश्न येणारच होता. नाही होत. मार लागला की माणूस तिथे हात लावून बघतो, आधीपासूनची गाठ सापडते आणि आळ बॉलवर येतो. धोका जास्त असतो तो जन्मतः वृषण खाली न उतरलेल्यांना, मग पुढे शस्त्रक्रिया झालेली असली तरी. तसंच वडिलांना किंवा भावाला झाला असेल, किंवा स्वतःलाच दुसऱ्या बाजूला होऊन गेला असेल, तर.

आता तारे का कापले ते. या मॉडेलला अधिवृषणच नाही! प्रत्येक वृषणाच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक मऊ, वेटोळ्यांची नळी असते, डॉक्टर तिला एपिडिडिमिस म्हणतात. पहिल्यांदा चाचपणाऱ्याला हमखास तीच गाठ वाटते. शिवाय यातली दोन्ही वृषणं साच्यातून काढल्यासारखी सारखी, एका पातळीत. प्रत्यक्षात एक जरा मोठं, एक जरा खाली, हे नेहमीचंच. या मॉडेलवर शिकलेला मुलगा घरी जाऊन स्वतःचं तपासेल आणि रात्रभर जागा राहील. मी फळ्यावर आकृती काढून ही उणीव भरतो, पण आकृतीसाठी मॉडेल कशाला घ्यायचं?

माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत ‘दर महिन्याला तपासा, जीव वाचवा’. इतकं ठाम बोलायला पुरावा नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने (कोणत्या तपासण्या कराव्यात यावर सल्ला देणारं तज्ज्ञांचं मंडळ) २०११ मध्ये तर लक्षणं नसलेल्यांची सरसकट तपासणी नकोच म्हटलं: रोग दुर्मीळ, उपचार प्रभावी, आणि नाहक चाचण्यांचा ताप वेगळा. मला ते पटतं. मला तारखेवार तपासणी नकोच आहे. मुलाला आपलं रोजचं कसं लागतं ते ठाऊक असावं आणि बदल जाणवला तर त्याने लाजून महिने काढू नयेत, एवढ्यासाठी हे मॉडेल. गाठ वृषणापुरती असताना सापडली, तर अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार पाच वर्षांनी हयात असणारे सुमारे ९९ टक्के. पसरल्यावरही दारं बंद होत नाहीत, कारण १९७० च्या दशकात सिसप्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध आलं. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये निदान झालं तेव्हा रोग फुप्फुसांत आणि मेंदूत गेला होता. तो बरा झाला. (त्याच्या सायकलिंगचं पुढे काय झालं, तो विषय वेगळा.) पण लवकर आलेल्याला केमोथेरपी टळण्याची शक्यता जास्त, हे मुलांना लगेच कळतं.

डॉक्टरकडे गेल्यावर काय होतं, तो भाग पत्रकात चांगला आहे. हाताने तपासणी, सोनोग्राफी, मग रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच, म्हणजे या कर्करोगात वाढू शकणारी द्रव्यं. संशय पक्का असेल तर वृषण जांघेतल्या छेदातून काढतात, पिशवीत सुई घालून तुकडा काढत नाहीत. उरलेलं एक निरोगी असेल तर संप्रेरकं आणि मूल होणं, दोन्हींना सहसा पुरतं, हेही लिहिलंय. उपचारांआधी वीर्य साठवून ठेवता येतं, याचा मात्र उल्लेख नाही. पंचवीस वर्षांच्या मुलासाठी ती ओळ सर्वांत मोलाची.

आणखी एक मोठी चूक: अचानक असह्य कळ आली तर काय, यावर अवाक्षर नाही. तिथे वृषणाला पीळ पडलेला असू शकतो आणि ते वाचवायला साधारण सहा तास हातात असतात. तेव्हा गाठ शोधत बसायचं नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. मी हे प्रत्येक कार्डाच्या मागे लिहून देतो.

प्रशिक्षक, परिचारक, शिक्षक यांनी जरूर घ्या. एकट्याने स्वतःसाठी मागवू नका, सरावाला स्वतःचं आहेच. कार्ड सुटं मिळत असेल तर तेवढं घ्या.