कारवाँ : पाच हजार गाणी आणि एक निवेदक

सारेगामा कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेल्या ‘कारवाँ’ या यंत्राची ओळख बहुतेक जण एका आकड्याने करून देतात. आत ५,००० हिंदी गाणी आधीच भरलेली आहेत, असे विक्रेता सांगतो, खोक्यावरही तेच छापलेले असते, आणि घरी येणारा पाहुणाही कौतुकाने तोच आकडा उच्चारतो. माझ्या मते या यंत्राच्या गुणांमध्ये हा आकडा सर्वांत शेवटी यायला हवा. खिशातल्या फोनवर याहून कितीतरी पट गाणी मिळत असताना केवळ संख्येसाठी सुमारे सहा हजार रुपये खर्च करण्याचे कारण नाही. ते खर्च करण्यासारखे कारण दुसरे आहे. गाणे कोणी लिहिले, कोणी बांधले, ते कोणत्या काळात लोकांनी डोक्यावर घेतले आणि का, हे सगळे गाण्याबरोबरच कानावर येण्याची जी सवय आमच्या पिढीला रेडिओने लावली होती, ती या पेटीने बऱ्याच अंशी जपली आहे. आयुष्यभर रेडिओ, दूरदर्शन, तबकड्या आणि कॅसेट यांच्या संगतीत वाढलेल्या श्रोत्याच्या नात्याने मी हे लिहितो आहे.

बाह्य रूपाविषयी थोडक्यात सांगतो. जुन्या ट्रान्झिस्टरची आठवण व्हावी अशी तिची घडण आहे. समोर ध्वनिक्षेपकाची जाळी, फिरवायची मोठी गोल कळ, गाण्याची माहिती दाखवणारा छोटा पडदा आणि हाताला सहज सापडतील अशी मोजकी बटणे, एवढाच तिचा पसारा आहे. इंटरनेट लागत नाही, जाहिराती मध्ये येत नाहीत आणि वर्गणीही भरावी लागत नाही. शिवाय एफएम रेडिओ, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह लावण्याची सोय आहे. आवाजाबद्दल माझे मत असे की, या आकाराच्या पेटीकडून खर्जाची फार अपेक्षा करू नये. परंतु गाणाऱ्याचा गळा, व्हायोलिन आणि बासरी या मधल्या पट्टीतल्या गोष्टी त्यातून स्वच्छ आणि मोकळ्या ऐकू येतात. जुनी हिंदी गाणी एका ध्वनिवाहिनीवर मुद्रित झालेली असल्यामुळे त्यांना याहून मोठ्या थाटाची फारशी गरजही भासत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर दर बुधवारी लागणारा ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी गाण्यांच्या क्रमवारीचा कार्यक्रम ज्यांनी गाजवला, ते निवेदक म्हणजे अमीन सायानी. ‘गीतमाला’ हा विभाग निवडला की त्यांचा आवाज सुरू होतो, आणि माझ्यासाठी या यंत्राची सारी किंमत तिथेच वसूल होते. हे निवेदन म्हणजे जुन्या बुधवारच्या प्रक्षेपणांचे जसेच्या तसे ध्वनिमुद्रण नव्हे, हे खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. गीतमालेच्या वार्षिक याद्यांचा आधार घेऊन सायानी यांनी पुढे सवडीने केलेले ते कथन आहे. त्यामुळे त्यात त्या काळच्या थेट उत्सुकतेऐवजी मागे वळून पाहणाऱ्या माणसाची माया आहे, आणि गाण्याच्या आधी येणारे किस्से त्या मायेमुळे अधिक खुलले आहेत.

गीतमालेचे महत्त्व नव्या श्रोत्याला कळायचे असेल तर तिच्या जन्माची कथा माहीत असायला हवी, आणि त्या कथेत एक मराठी नाव ठळकपणे येते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांना मनापासून अभिमान होता आणि चित्रपटसंगीत श्रोत्यांची अभिरुची बिघडवते, असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीने चित्रपटगीतांची छाननी आरंभली, त्यांचा वेळ घटवला आणि चित्रपटाचे नाव उच्चारणे ही जाहिरात ठरते म्हणून तेही बंद केले. त्यावर निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. देशातले सर्वांत लोकप्रिय संगीत अशा रीतीने देशाच्या रेडिओवरून जवळजवळ नाहीसे झाले आणि श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली, कारण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या तिथल्या बलाढ्य प्रक्षेपकांचा आवाज भारतभर पोहोचत होता. केसकरांच्या संगीतनिष्ठेबद्दल मला आदर आहे, आणि शास्त्रीय संगीतासाठी आकाशवाणीने त्या वर्षांत केलेले काम मी मोठेच मानतो; पण लोकांच्या कानांवर हुकूम चालत नाही, हे त्या प्रकरणाने लख्ख दाखवून दिले.

३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा सायानी यांनी वयाची विशी गाठलेली नव्हती. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जायच्या. आरंभी त्यात सात गाणी असत. त्यांना क्रमांक देण्याची पद्धत पुढे आली आणि मग ‘पायदान’, म्हणजे पायरी, हा शब्द घरोघरी पोहोचला. कोणते गाणे वर चढले, कोणते घसरले, वर्षअखेरीस सर्वांत वरच्या पायरीवर कोण बसणार, यावर चहाच्या टपरीपासून महाविद्यालयाच्या कट्ट्यापर्यंत वाद होत असत. रेडिओ सिलोनच्या या लोकप्रियतेला उत्तर म्हणून आकाशवाणीलाही अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. त्याच विविध भारतीवर १९८९ साली गीतमाला येऊन दाखल झाली, तेव्हा एक वर्तुळ पूर्ण झाल्याचा आनंद माझ्यासारख्या अनेकांना झाला होता.

सायानी यांची भाषा हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. त्यांच्या आई कुलसुम सायानी या ‘रहबर’ नावाचे नियतकालिक चालवत असत आणि ते देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांमध्ये निघत असे. आईला त्या कामात मदत करताना साध्या, सर्वांना कळणाऱ्या हिंदुस्तानीचा सराव त्यांना झाला. कारवाँवरचे निवेदन ऐकताना हे सतत जाणवते. वाक्ये लहान आहेत, अवघड शब्द एकही नाही, आणि तरीही बोलण्यात अदब आहे. ‘बहनों और भाइयों’ या संबोधनात बहिणींना दिलेला पहिला मान आजही कानाला सुखावतो. ते गाण्याची स्तुती फारशी करत नाहीत. ते गाण्याची वाट पाहायला लावतात, आणि गाणे सुरू झाले की बाजूला होतात. निवेदकाची ही कला दूरदर्शनवरच्या ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मध्ये तबस्सुम यांच्याकडेही होती, त्यांच्या आपल्या प्रसन्न ढंगात. पुढे दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर बाबा सेहगल यांनी ‘सुपरहिट मुकाबला’ सादर केला, इतर वाहिन्यांवर क्रमवारीचे कार्यक्रम एकामागून एक आले, आणि त्या सर्वांचे मूळ गीतमालेच्या पायऱ्यांमध्येच होते. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सायानी यांचे निधन झाल्यानंतर तर हा विभाग मला एखाद्या संग्रहालयाच्या दालनाइतका मोलाचा वाटतो.

दुसरा विभाग कलावंतांचा आहे आणि तोही बारकाईने ऐकण्यासारखा आहे. गायकांची नावे तर कोणीही देईल. पण येथे गीतकार आणि संगीतकार यांनाही त्यांची स्वतंत्र जागा दिली आहे. साहिर लुधियानवी यांची गाणी सलग ऐकली की वेगवेगळ्या संगीतकारांच्या चालींमधून एकाच माणसाचा विचार कसा वाहतो हे उमगते, आणि शंकर-जयकिशन यांचा विभाग लावला की वाद्यवृंदाचा तो भरजरी डौल गायक बदलला तरी बदलत नाही, हे ध्यानात येते. फोनवरच्या याद्यांमध्ये हे तिघे एकाच ओळीत कोंबलेले असतात आणि पुष्कळदा गीतकार तिथून गळतो. श्रेय न देण्याची ही खोड जुनीच आहे. १९४९ सालच्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकर यांच्या नावाऐवजी चित्रपटातल्या पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’चे नाव छापले होते. चित्रपटाचे, गीतकाराचे, संगीतकाराचे आणि गायकाचे नाव गाण्याआधी सांगण्याची शिस्त विविध भारतीने पाळली, म्हणून आमच्या पिढीला ही नावे पाठ झाली. कारवाँची रचना त्या शिस्तीच्या जवळ जाते, आणि याचे श्रेय ती करणाऱ्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. मूळ नमुन्यावर एखादे गाणे नावाने शोधून लावता येत नाही. विभाग निवडायचा आणि पुढचे-मागचे बटण दाबत जायचे. मला यात गैरसोयीपेक्षा आनंद अधिक वाटतो, कारण न मागितलेले गाणे अवचित समोर येण्याचे सुख रेडिओनंतर फारसे उरलेले नाही. परंतु ठरावीक गाणे ठरावीक क्षणी हवे असणाऱ्याने ही पेटी घेऊ नये. विजेच्या भरणानंतर ती साधारण पाच तास चालते, म्हणजे दिवसभराच्या प्रवासाला अपुरी पडते.

सर्वांत मोठी मर्यादा हक्कांची आहे. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, आणि एचएमव्ही या तिच्या जुन्या छापाचा सारा खजिना तिच्याकडे आहे. मात्र जे एचएमव्हीने काढले नाही ते इथे शोधू नये. ‘शोले’ची तबकडी पॉलिडॉर या दुसऱ्या कंपनीने काढली होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून टी-सिरीजचा दबदबा वाढला. त्यामुळे ज्यांचे तारुण्य नव्वदच्या दशकात गेले, त्यांना आपल्या आवडीची बरीच गाणी येथे सापडणार नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट जाणत्या श्रोत्यांसाठी सांगतो. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत असल्याने, चित्रपटात असलेले एखादे कडवे तबकडीवर गाळलेले असे. ते कडवे येथेही मिळत नाही, कारण ही गाणी मुळात तबकड्यांवरून आलेली आहेत.

हे यंत्र वृद्ध आईवडिलांना देण्याची भेटवस्तू म्हणून खपले आणि त्याची जाहिरातही त्याच भावनेने झाली. ती भावना खरी आहे; थरथरत्या बोटांना आणि अधू डोळ्यांना चालवता येईल असे साधन करणे ही मोठीच सेवा आहे. तरीही मी ते पंचविशीतल्या, संगीताची ओढ असलेल्या मुलामुलींना अधिक आग्रहाने सुचवीन. जुनी गाणी त्यांना तुकड्यातुकड्यांनी, कोणाच्या तरी चित्रफितीखाली वाजताना भेटतात आणि त्यांचा काळ, त्यांचे कर्ते अज्ञातच राहतात. चार महिने रोज अर्धा तास गीतमाला ऐकली, तर हिंदी चित्रपटसंगीताचा एक विश्वासार्ह नकाशा त्यांच्या मनात आपोआप तयार होईल.

मराठी, बंगाली, तमिळ आणि पंजाबी गाण्यांच्या आवृत्त्याही कंपनीने काढल्या आहेत, आणि भावगीतांवर जीव असलेल्या घरात मराठी आवृत्ती आधी यावी हे उघड आहे. पण सायानी ऐकायचे असतील तर हिंदीची मोठी पेटीच घ्यावी. ‘मिनी’ नावाच्या लहान नमुन्यात गाणी काही शेच असतात. म्हणून दुकानात पैसे देण्याआधी खोक्यावर ‘गीतमाला’ हा शब्द आहे की नाही, तेवढे स्वतः वाचून पाहावे.