आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल: मराठीतनं कोडिंगची सुरुवात

कोडिंग शिकायचंय, पहिलं काय करू, असं गावाकडची पोरं सारखी विचारतात म्हणून लिहितोय. मी तासगाव तालुक्यातला, बीएस्सी सांगलीत केलं आणि शेवटच्या वर्षाला तिथल्याच एका क्लासला 18 हजार भरले. 3 महिन्यात एचटीएमएल, जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट सगळं होणार होतं. सर प्रोजेक्टरवर तयार कोड लावायचे आणि आम्ही तो वहीत उतरवून घ्यायचो, आणि शेवटी कोरी स्क्रीन समोर आली तर 1 ते 10 ची बेरीज करायचा प्रोग्रॅमसुद्धा मला लिहिता येईना. फी द्राक्षाच्या पैशातनं गेलेली, ते लई लागलं मनाला.

त्यानंतर एका मित्रानं स्पोकन ट्युटोरियल सांगितलं. आयआयटी बॉम्बेचा प्रकल्प आहे, व्हिडिओ बघायला एक रुपया लागत नाही आणि सी, सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषांचे व्हिडिओ मराठी आवाजात आहेत. एकेक व्हिडिओ साधारण 10 मिनिटांचा. स्क्रीनवर सगळं इंग्रजीच दिसतं, समजावणं तेवढं मराठीत, आणि हेच बरं आहे कारण पुढं इंग्रजीतच काम करायचंय पण लूप म्हणजे काय ते डोक्यात आपल्या भाषेत बसतं.

बघायची पद्धत मात्र पाळा. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर टर्मिनल (कमांड टाइप करून प्रोग्रॅम चालवायची खिडकी), ते दोन ओळी लिहितात तिथं पॉज करायचं आणि स्वतः टाइप करून चालवायचं. नुसतं बघत बसलात तर माझ्या क्लाससारखंच होईल.

मला सगळ्यात काय आवडलं तर ते मुद्दाम चूक करून दाखवतात. सेमीकोलन काढतात, कंस बंद करत नाहीत, मग कंपाइल करतात (म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवायला लावतात) आणि एरर कुठल्या लाइनवर आली ते वाचायला लावतात. हे मला क्लासमध्ये कुणी शिकवलंच नव्हतं, लाल अक्षरं दिसली की हात थांबायचे. आता कामावर दिवसातनं कितीतरी वेळ एरर वाचण्यातच जातो. व्हिडिओच्या शेवटी असाइनमेंट असते, ती सोडू नका.

कमी काय आहे तेही सांगतो. सीच्या व्हिडिओत उबुंटू 11.10 (विंडोजसारखी लिनक्सची एक ऑपरेटिंग सिस्टीम) आणि जीसीसी 4.6.1 (सीचा कोड कंपाइल करणारा प्रोग्रॅम) आहे, म्हणजे बरंच जुनं, तुमच्या स्क्रीनवर थोडं वेगळं दिसेल पण शिकायच्या गोष्टी त्याच आहेत. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, टाकून घ्या. बोलणं जरा पुस्तकी वाटतं, दोन दिवसात सवय होते. अडलात तर त्यांच्या फोरमवर व्हिडिओचं मिनिट-सेकंद टाकून प्रश्न विचारता येतो.

आणि नुसत्या एवढ्यावर नोकरी मिळत नाही हे स्पष्ट सांगतो. मी सी नंतर पायथन धरलं, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) शिकलो आणि आमच्या बागेच्या फवारणीची नोंदवही बनवली, कुठल्या प्लॉटला कधी कुठलं औषध मारलं आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, एवढंच. वडील वहीत लिहायचे तेच. पुण्याला इंटरव्ह्यूत अर्धा तास त्याच्यावरच विचारलं, तारखा कशा ठेवल्या, फाइल खराब झाली तर काय, आणि सगळं मीच लिहिलेलं असल्यानं उत्तरं देता आली.

धाकट्या बहिणीला दिवाळीपासनं हेच लावून दिलंय, रोज एक व्हिडिओ. काल तिचा फोन आला, अ‍ॅरेमध्ये अडकलीय, मी म्हटलं आधी एरर वाचून दाखव मला.