एफटीडीआय चिपचा यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर: पावसाळ्यापासून गळीत हंगामापर्यंत वापरून

लॅपटॉपला नेटवर्क स्विच, राउटर, वजनकाटा अशा यंत्रांच्या सिरीयल पोर्टशी जोडणारा, पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतून घेतलेला हा कन्व्हर्टर अजून रोज बॅगेत असतो, म्हणून सविस्तर लिहितोय. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा डीबी-9, आत एफटीडीआय कंपनीची एफटी232आर चिप. साध्या कन्व्हर्टरपेक्षा बराच महाग, आणि स्विचच्या कन्सोल पोर्टला लागणारी निळी रोलओव्हर केबल सोबत येत नाही.

आधीच सांगतो, पुटीच्या (सिरीयल पोर्टवरून आलेलं स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम) खिडकीत कचरा, म्हणजे निरर्थक चिन्हं, दिसतोय म्हणून हा घेणार असाल तर थांबा. कचरा बहुतेक वेळा सेटिंगचा असतो, तो कुठल्याच केबलने जात नाही. याचा फायदा वेगळा आहे. केबलवरचा संशय मिटतो. डीबी-9 च्या पिन 2 आणि 3 तारेच्या तुकड्याने जोडायच्या, फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याची सेटिंग) बंद ठेवायचा आणि टाइप करायचं. तेच परत उमटलं तर केबल, ड्रायव्हर ठीक, घोळ पुढे आहे. वेग चुकला असला तरी ही चाचणी पास होते, एवढं ध्यानात असू द्या.

मग कचऱ्याकडे नीट बघायचं. सिस्कोचा स्विच सहसा सेकंदाला 9600 बिटच्या वेगाने बोलतो, मायक्रोटिकचा राउटरबोर्ड हा राउटर 115200 वर. पुटी 9600 ला ठेवून राउटरबोर्ड चालू केला तर पानभर मजकुराच्या जागी चारदोन चिन्हं येतात, कारण आपल्या एका अक्षराच्या वेळात तिकडून बारा निघून गेलेली असतात. उलट बाजूने, म्हणजे पुटी 115200 ला आणि स्विच 9600 ला, तीच ती ठरावीक चिन्हं पुन्हा पुन्हा येतात. थोडाफार फरक मात्र चालून जातो. एका अक्षराला सुरुवात-शेवट सांगणारे स्टार्ट-स्टॉप बिट धरून दहा बिट लागतात, त्यामुळे दोन्हीकडचा मिळून साधारण पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर शेवटचा बिट निसटत नाही.

खरी मजा आली साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आत इंडिकेटरवर वजन बरोबर, संगणकावर मात्र काही आकडे नीट आणि काही भलतेच. 1, 2, 4, 7 आणि 8 चुकायचे, 0, 3, 5, 6 आणि 9 बरोबर. ऑपरेटर म्हणाला, “भावा, केबल बदल.” पण दर वेळी तोच आकडा त्याच पद्धतीने चुकतोय म्हटल्यावर तार निर्दोष. इंडिकेटर सात बिट आणि इव्हन पॅरिटीवर (1 ची संख्या सम करणारा तपासणीचा जादा बिट) होता, संगणक आठ बिट, पॅरिटी नाही. ज्या आकड्याच्या कोडमध्ये 1 विषम वेळा येतो, त्याला पॅरिटीचा बिट चिकटून तो बिघडत होता. सेटिंग बदललं, रांग हलली.

शिरोलीच्या फाउंड्रीत याच्या उलट. इंडक्शन फर्नेस चालू झाली की अक्षरं बिघडायची, आणि दर वेळी वेगळी. असं दिसलं की सेटिंगला हात लावू नका, अर्थिंग बघा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतला आणि स्क्रीन स्वच्छ झाली. इथेच या कन्व्हर्टरची उणीव कळते: यात आयसोलेशन, म्हणजे दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारी सोय, नाही. एवढी किंमत घेता तर ते द्यायला हवं होतं, असं माझं मत.

दुसरी उणीव म्हणा किंवा मर्यादा, छोट्या बोर्डांच्या 3.3 व्होल्टच्या टीटीएल पिनांना (थेट चिपमधून निघणाऱ्या सिरीयल पिना) हा लावायचा नाही. आरएस-232 चे, म्हणजे या डीबी-9 वरचे, सिग्नल त्यांच्या उलटे असतात, त्यामुळे वेग जुळूनही कचराच दिसेल, आणि उणे-अधिक व्होल्टेजने बोर्ड जळू शकतो. त्याला वेगळा टीटीएल अडॅप्टर घ्या.

बाकी रोजच्या वापरात लई सुख आहे. लिनक्सवर ड्रायव्हर शोधावा लागत नाही. विंडोजमध्ये कुठल्याही यूएसबी पोर्टला लावला तरी कॉम नंबर (विंडोजने सिरीयल पोर्टला दिलेला क्रमांक) तोच राहतो, कारण चिपमध्ये स्वतःचा सिरीयल नंबर आहे. माझ्या जुन्या, सीएच340 चिपवाल्या कन्व्हर्टरचा नंबर पोर्ट बदलला की बदलायचा, आणि ते शोधण्यातच वेळ जायचा. डीबी-9 चे स्क्रू हाताने पिळता येतात, वायर मात्र थोडी ताठ आहे.

ऑफिसच्या रॅकसाठी आणि काट्यांसाठी डोळे झाकून घ्या. फाउंड्रीत काम असेल तर आयसोलेटेड मॉडेल मिळेपर्यंत थांबा.