कोहाकू, मामा की गोल्डन मेलडी: एकच सोहळा बघायचा तर कोणता?

कोरियन, जपानी किंवा तैवानी गायकांच्या बातम्या रोज वाचणाऱ्याला वर्षातून एखादा तरी मोठा सोहळा थेट बघावासा वाटतोच. निवड बहुधा तिघांत होते: कोरियाच्या एमनेट वाहिनीचे मामा अवॉर्ड्स, जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीचा कोहाकू उता गास्सेन आणि तैवानचे गोल्डन मेलडी अवॉर्ड्स. तिघांची जात इतकी वेगळी आहे की कोणता चांगला, यापेक्षा तुम्हाला काय हवंय हे आधी ठरवलेलं बरं.

आवडता गट डोळे भरून बघायचा असेल तर सरळ मामा. 1999 मध्ये कोरियातल्या म्युझिक व्हिडिओंच्या पुरस्कारांपासून सुरुवात झाली, 2009 मध्ये नावात आशिया आला आणि 2010 मध्ये सोहळा मकाऊला गेला. पुढे हाँगकाँग, जपान, आणि 2024 मध्ये लॉस एंजेलिससुद्धा. त्याच वर्षी जपानमधल्या ओसाकाच्या मंचावर ब्लॅकपिंक गटातली रोजे आणि अमेरिकन गायक ब्रूनो मार्स एकत्र गायले, दुसऱ्या दिवशी जी-ड्रॅगनसोबत बिगबँग या गटातले त्याचे साथीदार तेयांग आणि देसंग उभे राहिले. यूट्यूबवर हे सगळं फुकट. निकाल मात्र मी फारसे मनावर घेत नाही. काही पुरस्कार चाहत्यांच्या मतांवर ठरतात, त्यामुळे कोणाचे चाहते किती संघटित आहेत एवढंच त्यातून कळतं.

कोहाकूत व्यक्तिगत पुरस्कारच नसतात. गायिकांचा लाल संघ, गायकांचा पांढरा, आणि 31 डिसेंबरला सगळा जपान घरबसल्या बघतो असा हा सामना. 1951 मध्ये तो रेडिओवर सुरू झाला. 1963 मध्ये टीव्हीवर त्याला 81.4 टक्के प्रेक्षक मिळाले होते. आता तेवढे नाहीत, पण मान कायम आहे. एन्का ही जुन्या वळणाची भावगीतं गाणारे ज्येष्ठ गायक आणि कालपरवा गाजलेले पोरासोरांचे बँड एकाच मंचावर येतात. मनोरंजनविश्वातल्या उलथापालथी तर इथे लख्ख दिसतात. निवृत्ती जाहीर केलेली पॉप गायिका नामिए आमुरो 2017 मध्ये चौदा वर्षांनी परत आली ती याच मंचावर. 2023 मध्ये संस्थापकाच्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण उघड झाल्यावर जॉनीज या बलाढ्य एजन्सीचा एकही कलाकार बोलावला गेला नाही; 44 वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं. वेळही सोयीची आहे. आपल्याकडे दुपारी चारच्या आसपास सुरू होतो आणि सव्वाआठपर्यंत संपतो, म्हणजे आपली थर्टी फर्स्टची रात्र मोकळी. अडचण अशी की परदेशात थेट प्रक्षेपण एनएचके वर्ल्ड प्रीमियम या सशुल्क वाहिनीवर असतं, आणि गाण्यांमधल्या लांबलचक गप्पा जपानी येत नसेल तर डोक्यावरून जातात.

माझं मत विचाराल तर गोल्डन मेलडी. 1990 पासून चालत आलेले हे पुरस्कार परीक्षक ठरवतात, चाहत्यांच्या मतदानाला तिथे जागा नाही. तैवानी पॉप गायक जे चौच्या पदार्पणातल्याच अल्बमला त्यांनी 2001 मध्ये गौरवलं, तो पुढे केवढा मोठा झाला हे सांगायला नको. पण मला या सोहळ्याची ओढ लागली ती भाषांमुळे. मँडरीनसोबत तैवानी, हक्का आणि आदिवासी भाषांतल्या गाण्यांना इथे स्वतंत्र पुरस्कार आहेत. आणि ते वेगळ्या पंगतीला बसवण्यापुरते नाहीत: 2020 मध्ये आबाओ या गायिकेच्या पाइवान या आदिवासी भाषेतल्या अल्बमने वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार जिंकला. तैवानमध्येही बहुतेकांना न समजणारी भाषा, आणि सगळ्या मँडरीन अल्बमांवर तिने मात केली! आगरी, कोकणी, अहिराणी गाण्यांवर जीव असलेल्या कोणालाही यातलं मोल लगेच कळेल. भाषणं लांबतात, गीतकार-संयोजकांच्या पुरस्कारांना बराच वेळ जातो. नुसता झगमगाट हवा असेल तर कंटाळा येईल. सोहळा बहुधा जूनच्या शेवटी असतो आणि अलीकडे यूट्यूबवर थेट दिसतो.

घरात एखाद्या गटामागे वेडं झालेलं शाळकरी पोर असेल तर त्याच्यासोबत मामाच बघा, तिथे माझा आग्रह नाही. कोहाकूचा विचार असेल तर कलाकारांची यादी नोव्हेंबरात जाहीर होते. ती वाचा आणि मगच वाहिनीचे पैसे भरा.