पॉल स्कीन्सची सही: २०२३चं बोमन घ्यावं की २०२४चं टॉप्स?

अमेरिकन बेसबॉलपटू पॉल स्कीन्सच्या सुरुवातीच्या काळातलं, त्याची सही असलेलं एकच संग्राह्य कार्ड परवडणार असेल, तर प्रश्न दोन कार्डांवर येऊन थांबतो: २०२३च्या बोमन ड्राफ्ट संचातलं क्रोम ऑटो (ऑटो म्हणजे सही असलेलं कार्ड), की २०२४च्या टॉप्स क्रोम अपडेट संचातलं रुकी, म्हणजे पदार्पणाच्या हंगामातलं, ऑटो? बोमन हा टॉप्स या कार्ड कंपनीचाच ब्रँड, त्यामुळे पाकिटातून निघालेल्या दोन्ही सह्यांना कंपनीचीच हमी असते.

बोमनचं कार्ड आधीचं. जुलै २०२३मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स संघानं एलएसयू विद्यापीठाच्या या पिचरला (चेंडू फेकणाऱ्याला) ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या निवडीत, सर्वांत आधी उचललं आणि त्याच वर्षीच्या संचात त्याचं ‘फर्स्ट बोमन’, म्हणजे पहिलं बोमन कार्ड, आलं. मेजर लीग या अव्वल स्पर्धेत तोवर तो खेळलाच नव्हता, म्हणून हे अधिकृत रुकी कार्ड नव्हे. त्यावर आरसीचं (रुकी कार्डचं) चिन्ह नसतं. तरीही पुढेमागे कार्ड विकायचा विचार असलेले बहुतेक जण यालाच पसंती देतात. त्याची उतरंड सगळ्यांना पाठ असते: साधं ऑटो, ४९९ प्रतींचं चमकदार रिफ्रॅक्टर, मग रंगांनुसार कमी होत जाणाऱ्या प्रती, पर्पल २५०, ब्लू १५०, गोल्ड ५०, ऑरेंज २५, रेड ५ आणि एकच प्रत असलेलं सुपरफ्रॅक्टर. भाव ठरवणं त्यामुळे सोपं जातं.

टॉप्सचं कार्ड मात्र घडून गेलेल्या हंगामाचं आहे. ११ मे २०२४ला पदार्पण, २३ सामन्यांत १७० स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज), १.९६ ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या अर्न्ड धावा, जितक्या कमी तितकं चांगलं) आणि नॅशनल लीगचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित. पदार्पणाच्या जर्सीवरचा कापडी पॅच आणि सही असलेलं जगातलं एकमेव कार्डही याच संचात होतं. कॅलिफोर्नियातल्या ११ वर्षांच्या मुलाला ते नाताळात सापडलं. पायरेट्सनी त्याबदल्यात इतर भेटींसोबत ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. कुटुंबानं ती नाकारली आणि मार्च २०२५च्या लिलावात कार्ड ११ लाख १० हजार डॉलरना गेलं. असली लॉटरी आपल्याला लागेल म्हणून बंद खोकी फोडत बसू नका. हवं ते सुटं कार्डच विकत घ्या.

बोमन घेण्यामागचा जुना हिशेब असा, की खेळाडू मोठा होण्याआधी त्याची सही स्वस्तात मिळवायची. स्कीन्सच्या बाबतीत ती वेळ टळून गेली. नॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा २०२५चा साय यंग पुरस्कार त्यानं एकमतानं जिंकला. आता पहिलेपणाची पूर्ण किंमत मोजावी लागते आणि जोखीम आहे तशीच राहते, कारण पिचरचा हात कधी दगा देईल सांगता येत नाही. स्टीफन स्ट्रासबर्ग या पिचरनं ८ जून २०१०ला पदार्पणातच १४ स्ट्राइकआउट घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन (तुटलेला अस्थिबंध बदलण्याची) शस्त्रक्रिया झाली. असं काही झालं तर दोन्ही कार्डांचे भाव पडतील. पण तेव्हाही कपाटातून काढून पाहावंसं वाटेल ते प्रत्यक्ष गाजवलेल्या हंगामाचं. म्हणून मी टॉप्सच्या बाजूनं आहे. दोन-तीन वर्षांत विकायचंच असेल तर बोमन घ्या, तेही साधं ऑटो.

दोन्ही आवाक्याबाहेर असतील, तर साध्या रुकी कार्डावर नंतर घेतलेली सही हा तिसरा मार्ग आहे. मात्र पीएसए किंवा जेएसए या सह्यांची सत्यता तपासणाऱ्या कंपन्यांपैकी एकीनं ती तपासलेली हवी. कुठलंही घ्या, सही स्टिकरवर नाही ना, शाई फिकी किंवा फरफटलेली नाही ना, हे कार्डाच्या ग्रेडच्या (स्थितीला दिलेल्या गुणांच्या) आधी बघा.